‘वॉक’, ‘स्ट्रोल’ की ‘ट्रज’? चालण्या-फिरण्याचे इंग्रजी शब्द निवडताना

इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांची एक तक्रार वारंवार कानावर येते. शब्दकोशात ‘स्ट्रोल’ पाहिले, अर्थ ‘चालणे’. ‘ट्रज’ पाहिले, अर्थ ‘कष्टाने चालणे’. ‘अँबल’, ‘सॉन्टर’, ‘प्लॉड’ यांच्यापुढेही ‘हळू चालणे’. मग वाक्यात नेमका कोणता घालायचा? दुसरी तक्रार याच्या उलटी. शब्द अगदी साधा, ‘गो’ किंवा ‘कम’, पण ऐकणारा भलताच अर्थ घेतो. आयईएल्टीएसची तयारी करणारे विद्यार्थी, मुलाबाळांकडे परदेशी राहायला जाणारे आई-वडील, नातवंडांचा इंग्रजीचा अभ्यास घेणारे आजी-आजोबा, सगळ्यांचे घोडे इथेच अडते.

कारण सोपे आहे. मराठीत चालण्याची तऱ्हा आपण क्रियापदाच्या आधी सांगतो: झपझप चालला, पाय ओढत आला, दबकत गेला, रमतगमत फिरला. इंग्रजीत ती तऱ्हा बहुधा क्रियापदातच सामावलेली असते. म्हणून तिथे क्रियापदे ढीगभर आहेत आणि निवड करण्यावाचून सुटका नाही. ही निवड कशी करावी, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी स्वतःला चार प्रश्न विचारा

1. कोणाच्या दिशेने? बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याकडे की त्यांच्यापासून दूर? यावर ‘कम’ की ‘गो’ हे ठरते.
2. पायी की वाहनाने? पायीच गेलो हे सांगायचे असेल तरच ‘वॉक’. नाहीतर ‘गो’ पुरते.
3. चाल कशी? मराठी वाक्यात ‘लंगडत’, ‘तरातरा’, ‘चोरपावलांनी’ असा शब्द आपसूक येत असेल तरच खास क्रियापद शोधायला जा.
4. बोलणाऱ्याचे मत काय? काही शब्दांत कौतुक असते, काहींत टोमणा. तो तुम्हाला मारायचा आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांत चुकलात तर अर्थच बदलतो. पुढच्या दोनांत चुकलात तर वाक्य विचित्र वाटते, पण काम अडत नाही. म्हणून तयारीचा वेळ आधी पहिल्या दोनांना द्या.

येणे, जाणे, निघणे, पोहोचणे

‘मी उद्या तुमच्याकडे येतो’ या वाक्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही ‘येणे’च वापरतात, तिथे काळजी नाही. गोंधळ पुढच्या जागी होतो.

- निरोप घेताना ‘येतो हं’. याचे ‘आय विल कम’ केलेत तर समोरचा विचारील, कुठे आणि कधी? म्हणायचे ‘आय ॲम ऑफ’ किंवा नुसते ‘सी यू’.
- हाकेला ओ देताना ‘आलो, आलो’. मराठीत हा भूतकाळ चालतो. इंग्रजीत ‘आय केम’ चालत नाही. ‘आय ॲम कमिंग’ म्हणा.
- फोनवर ‘निघालो’. घराबाहेर पडला असाल तर ‘आय हॅव लेफ्ट’. अजून चपला शोधत असाल तर ‘आय ॲम जस्ट लीव्हिंग’. मराठीतला ‘निघालो’ दोन्ही सांभाळून घेतो, इंग्रजीत एक बाजू घ्यावी लागते.
- ‘पुणे सोडले’ आणि ‘पुण्याला निघालो’. ‘लेफ्ट पुणे’ म्हणजे पुण्यातून बाहेर पडलो. ‘लेफ्ट फॉर पुणे’ म्हणजे पुण्याकडे निघालो. एका छोट्या ‘फॉर’ने दिशा उलटते.
- ‘माझ्याबरोबर चल’. ‘कम विथ मी’. ‘वॉक विथ मी’ म्हटले तर पायी चालायचे आमंत्रण होते. आणि ‘चला, निघू या’ म्हणजे ‘लेट्स गो’.
- ‘पोहोचलो’. ‘रीच’ला पुढे ठिकाण लागते: ‘रीच्ड होम’, ‘रीच्ड द स्टेशन’. ‘आय हॅव रीच्ड’ एवढेच भारतात सर्वांना कळते, परदेशात अर्धवट वाटते. तिथे ‘आय ॲम हिअर’ किंवा ‘आय गॉट होम’ म्हणतात.

‘चालणे’ दर वेळी ‘वॉक’ नसते

मराठीत घड्याळ चालते, दुकान चालते, गाडी चालते आणि शेवटी ‘चालेल’ही चालते. इंग्रजीत ‘वॉक’ करतात ती माणसे आणि जनावरे. बाकीच्यांसाठी वेगळे शब्द आहेत.

- घड्याळ, यंत्र: ‘वर्क’ किंवा ‘रन’.
- कार, बस, ट्रक चालवणे: ‘ड्राइव्ह’. सायकल, स्कूटर, घोडा: ‘राइड’. वल्ह्यांची होडी: ‘रो’. विमान: ‘फ्लाय’.
- दुकान चालवणे: ‘रन’. दुकान चांगले चालणे: ‘डू वेल’.
- ‘चालेल’: ‘दॅट्स फाइन’.

‘वॉक’ला कर्म जोडले की अर्थ बदलतो. ‘वॉक द डॉग’ म्हणजे कुत्र्याला फिरवून आणणे. ‘वॉक हर होम’ म्हणजे तिला घरापर्यंत पायी सोबत करणे.

‘फिरणे’ आणि ‘पळणे’ यांचीही अशीच विभागणी करून ठेवा. सकाळी फिरायला जाणे हे ‘गो फॉर अ वॉक’, केरळला फिरायला जाणे हे ‘गो ऑन अ ट्रिप’. चोर पळाला तर ‘रॅन अवे’, कैदी तुरुंगातून पळाला तर ‘एस्केप्ड’, लोक जिवाच्या भीतीने गाव सोडून पळाले तर ‘फ्लेड’ आणि दोघांनी पळून जाऊन लग्न केले तर ‘इलोप्ड’. चारही ठिकाणी ‘रॅन’ घातला तर बातमीतला गुन्हा कोणता, संकट कोणते आणि प्रेमप्रकरण कोणते, हे कळणार नाही.

चालण्याच्या तऱ्हा: मराठी शब्दावरून इंग्रजी शोधा

हे शब्द अकारविल्हे पाठ करू नका. आपल्या मराठी शब्दाच्या बाजूने जा.

निवांत, रमतगमत
- ‘स्ट्रोल’: मजेत, मोकळ्या वेळात. संध्याकाळी चौपाटीवर फेरफटका मारतात तो हाच. सर्वांत सुरक्षित शब्द.
- ‘अँबल’: ‘स्ट्रोल’सारखाच, भर संथ गतीवर.
- ‘सॉन्टर’: हळूच, पण ‘मला काही पडलेली नाही’ अशा आविर्भावात. उशिरा येऊन आरामात वर्गात शिरणाऱ्या मुलासाठी योग्य.
- ‘वाँडर’: ठरावीक ठिकाण नसताना भटकणे, वाट चुकून भरकटणे यालाही हाच.
- ‘रोम’: मोठ्या परिसरात मोकाट फिरणे. गुरे, वाघ, गावभर उंडारणारी पोरे.

झपाझप, तरातरा
- ‘स्ट्राइड’: लांब ढांगा टाकत, आत्मविश्वासाने.
- ‘मार्च’: सैनिकांसारखी एका लयीत पावले टाकणे, रागाने तरातरा साहेबांच्या खोलीत शिरणे यालाही चालतो.
- ‘जॉग’, ‘रन’, ‘स्प्रिंट’: हलके धावणे, धावणे, जीव खाऊन धावणे. थोड्या अंतरासाठी एकदम झेपावलात तर ‘डॅश’.

थकून, रखडत
- ‘प्लॉड’: जड पावलांनी, पण न थांबता.
- ‘ट्रज’: दमलेल्या अवस्थेत, चिखल-बर्फ-चढ तुडवत.
- ‘वेड’: पाण्यातून वाट काढत. याला मराठीत एकच एक शब्द नाही, पण मुंबईकरांना अनुभव भरपूर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठणारे लोक ‘वेड’ करत होते. ‘वॉक’ म्हटले तर त्यातले पाणीच नाहीसे होते.

दुखणे, म्हातारपण, बालपण
- ‘लिंप’: एक पाय दुखावल्याने लंगडणे.
- ‘हॉबल’: वेदनेमुळे तोकड्या पावलांनी कसेबसे चालणे.
- ‘शफल’: पाय न उचलता घासत चालणे.
- ‘स्टॅगर’: झोकांड्या खाणे. दारू, मार, चक्कर यांपैकी कशानेही.
- ‘टॉटर’: तोल सांभाळत डगमगत चालणे.
- ‘टॉडल’: बाळाचे दुडूदुडू चालणे. ‘टॉडलर’ त्यातूनच आला.
- ‘वॉडल’: बदकाची चाल. माणसाबद्दल वापरलात तर त्याच्या जाडेपणाची थट्टा होते, टाळा.

गुपचूप
- ‘टिपटो’: चवड्यांवर. बाळ झोपलेले असताना.
- ‘क्रीप’: दबकत, आवाज न करता.
- ‘स्नीक’: कोणाला कळू नये म्हणून चोरून. यात लबाडीचा वास आहे. नातवाच्या वाढदिवसाच्या गमतीसाठी ठीक. कामावरल्या सहकाऱ्याबद्दल लिहिलेत तर तो आरोप ठरेल.

ऐट आणि अस्वस्थता
- ‘स्ट्रट’, ‘स्वॅगर’: छाती काढून मिरवणे. दोन्हींत टीका आहे.
- ‘पेस’: येरझारा घालणे. शस्त्रक्रियागृहाबाहेरचे नातेवाईक. ‘पेस अप अँड डाउन’ असा पूर्ण वापरा.

काही मराठी शब्दांना इंग्रजीत जोडीदारच नाही. शतपावलीसाठी ‘अ शॉर्ट वॉक आफ्टर डिनर’ आणि प्रदक्षिणेसाठी ‘वॉक अराउंड’ असे उलगडून सांगा. जबरदस्तीने एक शब्द शोधायला गेलात तर अर्थ हातचा जातो.

डोंगर, मोर्चा आणि वारी

आपण राजगडला जातो तो ‘ट्रेक’. अमेरिकेत एका दिवसाच्या डोंगरवाटेला ‘हाइक’ म्हणतात. ‘ट्रेक’ म्हटले की त्यांना अनेक दिवसांची खडतर वाटचाल वाटते. ब्रिटनमध्ये ‘हिलवॉकिंग’ आणि ‘रॅम्बलिंग’, ऑस्ट्रेलियात ‘बुशवॉकिंग’, न्यूझीलंडमध्ये ‘ट्रॅम्पिंग’. मात्र माणसाला ‘ट्रॅम्प’ म्हणू नका. तो बेघर भटक्यासाठीचा हलका शब्द आहे.

‘मार्च’मध्ये हेतू आणि निर्धार असतो. म्हणून १९३० ची दांडीयात्रा ‘मार्च’ झाली आणि मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत आले, तोही ‘लाँग मार्च’. आपल्याकडे मोटरसायकलींच्या ताफ्यालाही ‘रॅली’ म्हणतात. राजकारणाच्या बातमीत इंग्रजी ‘रॅली’चा अर्थ मुख्यतः जाहीर सभा असा होतो. रस्त्यावरून चालत जाणाऱ्या मोर्चासाठी ‘मार्च’ आणि मिरवणुकीसाठी ‘प्रोसेशन’ वापरा.

वारीबद्दल सांगताना ‘ट्रेक’ आणि ‘मार्च’ दोन्ही टाळा. एकात साहस येते, दुसऱ्यात मागणी. वारकरी आळंदीहून पंढरपूरला ‘वॉक’ करतात आणि वारी ही ‘पिलग्रिमेज ऑन फूट’. इथे साधा शब्दच सर्वांत नेमका आहे.

क्रियापदाला काय जोडायचे, काय नाही

सर्वाधिक चुका इथे होतात आणि त्या झटपट सुधारतात.

- ‘बाय वॉक’ असे काही नाही. बसने ‘बाय बस’, पण पायी ‘ऑन फूट’.
- ‘गो फॉर वॉकिंग’ नको. ‘गो फॉर अ वॉक’ किंवा ‘गो वॉकिंग’.
- स्टेशन ‘वॉकिंग डिस्टन्सवर’ असले तर इंग्रजीत ‘विदिन वॉकिंग डिस्टन्स’. त्याहून चांगले: ‘अ टेन-मिनिट वॉक फ्रॉम द स्टेशन’.
- ‘एन्टर’, ‘रीच’, ‘अप्रोच’ यांच्यापुढे ‘इनटू’ किंवा ‘टू’ लावू नका: ‘एन्टर द रूम’, ‘रीच नागपूर’. करार करताना मात्र ‘एन्टर इनटू ॲन अग्रीमेंट’ बरोबर.
- ‘अराइव्ह’ला ‘टू’ कधीच नाही. शहर असेल तर ‘इन’, स्टेशन किंवा हॉटेल असेल तर ‘ॲट’.
- ‘गो होम’, ‘गो देअर’, ‘गो अब्रॉड’: मध्ये ‘टू’ नको.
- ‘रिटर्न बॅक’ नको. ‘रिटर्न’ किंवा ‘कम बॅक’, एक काहीतरी.
- ‘अ ट्रॅव्हल’ नाही. एका प्रवासाला ‘अ ट्रिप’ किंवा ‘अ जर्नी’.

परदेशात गेल्यावर

- फूटपाथ: ब्रिटनमध्ये रस्त्याकडेच्या पदपथाला ‘पेव्हमेंट’ म्हणतात, अमेरिकेत ‘साइडवॉक’. अमेरिकेत ‘पेव्हमेंट’ म्हणजे रस्त्याचा डांबरी किंवा काँक्रिटचा पृष्ठभाग, तेव्हा तिथे कोणी ‘पेव्हमेंट’ म्हटले तर खात्री करून घ्या.
- चालण्याचा हक्क: इंग्लंडमध्ये ‘पब्लिक फूटपाथ’ अशी पाटी शेताच्या कडेला दिसली तर ती वाट खासगी जमिनीतून गेली तरी तुम्हाला तिच्यावरून चालण्याचा कायदेशीर हक्क आहे. ‘ब्राइडलवे’वर घोडे आणि सायकलीही येतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला आहे. त्याला बोलीत ‘राइट टू रोम’ म्हणतात.
- जेवॉकिंग: नियम मोडून रस्ता ओलांडणे. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून, धडकेचा तातडीचा धोका नसेल तर पोलीस केवळ यासाठी तुम्हाला थांबवत नाहीत.
- ‘नो लॉयटरिंग’: विनाकारण रेंगाळू नका. ‘लॉयटर’मध्ये संशय आहे, म्हणून ‘आम्ही बागेत लॉयटर करत होतो’ असे स्वतःबद्दल सांगू नका.
- लिफ्ट: ब्रिटनमध्ये कोणी गाडीतून सोडले तर ‘लिफ्ट’, अमेरिकेत ‘राइड’. अमेरिकेत इमारतीतली लिफ्ट म्हणजे ‘एलिव्हेटर’.
- शिफ्ट: ‘वुई शिफ्टेड टू ठाणे’ हे भारतीय इंग्रजी. परदेशात घर बदलण्याला ‘मूव्ह’ म्हणा.

दवाखाना आणि पोलीस ठाणे: इथे शब्द महाग पडतो

डॉक्टरला चालण्याची तऱ्हा हे लक्षण असते. ‘वॉकिंग प्रॉब्लेम’ एवढे सांगून थांबू नका. लंगडणे, पाय घासत चालणे आणि झोकांड्या जाणे यांवरून तपासणीची दिशा बदलू शकते. पडण्याचे कारणही वेगळे करा: ओल्या फरशीवर घसरलात तर ‘स्लिप्ड’, कशाला तरी पाय अडकला तर ‘ट्रिप्ड’, काहीच न होता कोसळलात तर ‘कोलॅप्स्ड’. विम्याच्या अर्जावर हेच तीन शब्द दाव्याचा निकाल फिरवू शकतात. अपघाताच्या वर्णनात ‘क्रॉसिंग द रोड’ आणि ‘वॉकिंग अलाँग द रोड’ यांतला फरकही पाळा.

‘पाठलाग’ लिहिताना तीन शब्द वेगळे ठेवा. ‘फॉलो’ म्हणजे मागोमाग जाणे, यात दोष असेलच असे नाही. ‘चेस’ म्हणजे पकडायला धावणे. ‘स्टॉक’ म्हणजे नको असताना वारंवार मागे लागणे. उच्चारात ‘एल’ नाही. एखाद्या पुरुषाने स्त्रीचा असा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुमचे हक्क:

- पोलीस ठाण्यात तक्रार इंग्रजीतच द्यावी असे बंधन नाही. मराठीत तोंडी सांगा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती लिहून घेऊन ती तुम्हाला वाचून दाखवणे आणि प्रत विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. वाचून दाखवताना ‘मागे आला’ आणि ‘रोज मागे येतो’ यांतला फरक उतरला आहे का, ते पाहा.
- अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी इंग्रजी कमी येणाऱ्या रुग्णाला दुभाषा विनामूल्य द्यायचा असतो. ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ एवढे म्हणा. मुलाला किंवा सुनेला दुभाषा करण्याचे तुमच्यावर बंधन नाही.

परीक्षेत आणि लेखनात

आयईएल्टीएसच्या लेखनात आणि संभाषणात शब्दसंपत्ती हा चार समान निकषांपैकी एक आहे. म्हणून अनेकजण जड शब्द पेरतात. तिथे गुण मिळतात ते नेमकेपणाला. अपघाताची बातमी कळल्यावर वडील रुग्णालयात ‘सॉन्टर्ड’ असे लिहिलेत तर परीक्षकाला वाटेल, वडिलांना काही सोयरसुतक नाही. तिथे ‘रश्ड’ हवे.

नवा शब्द वापरण्यापूर्वी एवढे करा:

1. इंग्रजी-मराठी शब्दकोशावर न थांबता विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात.
2. उदाहरणांत कर्ता कोण आहे ते पाहा: माणूस, बाळ, बदक की सैनिक?
3. क्रियापदापुढे काय आले आहे ते टिपा: ‘थ्रू’, ‘अलाँग’, ‘इनटू’, की थेट कर्म?
4. ‘अनौपचारिक’ किंवा ‘नापसंतीदर्शक’ अशी खूण असेल तर औपचारिक पत्रात तो शब्द घेऊ नका.
5. शब्द वहीत एकटा लिहू नका. तुमच्याच रोजच्या जगण्यातले एक पूर्ण वाक्य लिहा.

आठवड्याला चार-पाच शब्द पुरेत. सुरुवात ‘स्ट्रोल’, ‘मार्च’, ‘लिंप’, ‘वाँडर’ आणि ‘वेड’ यांनी करा. रोजच्या बोलण्यात यांची गरज लागते. आणि ऐनवेळी शब्द आठवला नाही तर ‘वॉक’ घेऊन त्यापुढे ‘स्लोली’, ‘विथ डिफिकल्टी’, ‘व्हेरी क्वायटली’ असे जे सांगायचे ते सांगा. आपण मराठीत हेच करतो, आणि इंग्रजीतही ते पूर्णपणे बरोबर आहे.